चिमणीच्या सासरी: कर्वेनगर ते खराडी, हिंजवडीमार्गे

मी खराडीला निघाले म्हटल्यावर आईने कपाटातून स्वेटर काढला. मार्च महिना होता.

"आई, खराडी पुण्यातच आहे."

"नदीच्या पलीकडे आहे ना?" ती म्हणाली आणि स्वेटर पिशवीत गेला. त्याच्यामागोमाग दशम्या, शेंगदाण्याची चटणी, राजगिऱ्याचे लाडू आणि पाण्याच्या दोन बाटल्या. आमची कर्वेनगरची माणसं डेक्कनला सहज जातात, कॅम्पात काम असेल तरच जातात, आणि विमानतळावर जायचं असलं की आदल्या दिवसापासून गप्प गप्प असतात. त्यापलीकडच्या पुण्याबद्दल सोसायटीत फक्त ऐकीव माहिती आहे. म्हणून हे प्रवासवर्णन लिहून ठेवते.

प्रवासाचं कारण एक चिमणी होती.

मी प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करते. आमच्या मॅडमनी रीतसर परवानगी काढून आमच्याच सोसायटीतल्या चिमण्यांच्या पायांत प्लॅस्टिकची बारीक रंगीत कडी घातली होती. कोणत्या पायात कोणता रंग, यावरून प्रत्येक पक्षी ओळखायचा. वर्षभराने पाहिलं, तर कडीवाले नर जवळजवळ सगळे जागेवर. पार्किंगमध्ये, ज्या पाइपाच्या तोंडाशी जन्मले त्याच पाइपाच्या आसपास, दाते काकांच्या स्कूटरच्या आरशात स्वतःशी भांडत. कडीवाली मादी मात्र एकही नाही.

दाते काका म्हणजे आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. बँकेतून निवृत्त झाल्यापासून त्यांनी चिमण्यांची हजेरी स्वतःकडे घेतली आहे. सोसायटीच्या हॉलमध्ये मीटिंग झाली तेव्हा त्यांनी निकाल देऊन टाकला.

"माद्या मेल्या. अंडी घाला, उबवा, पिल्लांना भरवा. दमून जातात बिचाऱ्या. शिवाय खालच्या मजल्यावरचं मांजर आहेच, ज्याच्याबद्दल मी तीन पत्रं दिलेली आहेत."

मॅडम म्हणाल्या, "बऱ्याच जातींत माद्या नरांपेक्षा कमी जगतात, हे खरंय. एखादी दिसल्याशिवाय आपल्याला वेगळं काही म्हणता येणार नाही."

आता, मी मीटिंगमध्ये बोलत नाही. बोलायचं ठरवते, वाक्य मनात नीट लावते, क्रियापद तपासते, तोवर विषय बदललेला असतो. त्या दिवशी मात्र विषय बदललाच नाही आणि माझं वाक्य बाहेर पडलं.

"मेल्या नसतील. लांब राहायला गेल्या असतील."

सगळ्यांनी वळून पाहिलं. वाक्य सुटलंच होतं, तर मी पुढचंही बोलून टाकलं. वाघ, हत्ती, माकडं यांच्यात बहुतेक वेळा मुलगे घर सोडतात आणि मुली आईजवळ राहतात. पक्ष्यांत बहुतेक वेळा उलट असतं. मुलगे जन्माच्या जागेला चिकटून राहतात आणि मुली दूर जाऊन संसार मांडतात. त्यामुळे मादी दिसली नाही, तर ती मेली की दुसरीकडे गेली, हे नुसतं पार्किंगमध्ये उभं राहून कळत नाही.

"अस्सं," दाते काका म्हणाले. "मग एखादी दाखवा."

महिनाअखेर मॅडम अहवाल पाठवणार होत्या. त्यात 'मेल्या असाव्यात' असं गेलं असतं, आणि माझं आयुष्यातलं मीटिंगमधलं पहिलं वाक्य त्या माद्यांबरोबर गेलं असतं. दुसरं वाक्य बोलायला मला किती वर्षं लागली असती, कोण जाणे.

अशातच पक्षीवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी एक फोटो टाकला. खराडी गावठाणातली पिठाची गिरणी, विजेच्या मीटरवर बसलेली चिमणी, पायात काहीतरी निळं. फोटो इतका हललेला होता की चिमणी आहे हेसुद्धा विश्वासावर घ्यायचं. मॅडम म्हणाल्या, "चिमणी एवढ्या लांब सहसा जात नाही. पण बघून ये." दाते काका म्हणाले, "खराडीला आम्ही जात नाही, चिमणी काय जातेय."

तर मी निघाले.

कर्वेनगरच्या स्टॉपवर उभी होते. गळ्यात दुर्बिणीचा पट्टा होता, दुर्बीण ओढणीखाली. एक पांढरी बस थांबली. दारातल्या माणसाने पट्ट्याकडे पाहिलं, त्याला ते कंपनीचं ओळखपत्र वाटलं असावं, आणि तो ओरडला, "चला मॅडम, लवकर, सिग्नल सुटेल!" त्याच्या आवाजात इतकी खात्री होती की मी चढले.

चांदणी चौक आला तेव्हा लक्षात आलं की ही बस हिंजवडीला चालली आहे. हिंजवडी पुण्याच्या एका टोकाला, खराडी दुसऱ्या. धीट मुलीने बस थांबवली असती. मी हिशोब केला: थांबवायची तर उठावं लागेल, उठलं की सगळे बघतील, मग कारण सांगावं लागेल आणि कारण चिमणी आहे. त्यापेक्षा हिंजवडी परवडली.

शेजारी एक मुलगी होती. तिने इअरफोन काढून विचारलं, "न्यू जॉइनी?"

"हो," मी म्हणाले.

"होस्टेल मिळालं? आमच्याकडे एक बेड रिकामा आहे. सगळ्या बाहेरच्याच आहोत. नांदेड, जळगाव, एक तर गोंदियाची. मी लातूरची."

"घरी कोण असतं?" मी विचारलं. काहीतरी विचारायला हवं होतं.

"आई-पप्पा आणि भाऊ. भाऊ लातूर सोडत नाही. त्याला आईच्याच हातचं वरण लागतं."

मला हे लगेच लिहून घ्यावंसं वाटलं. पण अनोळखी मुलीच्या भावाची नोंद चिमण्यांबरोबर करणं बरं दिसलं नसतं.

हिंजवडीत बस एका काचेच्या इमारतीपाशी रिकामी झाली. लातूरची मुलगी मला थेट फाटकापर्यंत घेऊन गेली. सुरक्षारक्षकाने कार्ड मागितलं. "मी चहा पिऊन येते," एवढं बोलून मी जी निघाले ती मागे पाहिलं नाही. हिंजवडीचं दृश्य मोठं आहे. काचेत आभाळ दिसतं, आभाळात क्रेन दिसते, आणि दोन इमारतींच्या मधल्या, अजून विकल्या न गेलेल्या मोकळ्या जागेत एक म्हैस बसलेली असते. तिच्या चेहऱ्यावर डेडलाइन नव्हती. मी टपरीशी उभी राहून दशमी खाल्ली.

चहावाल्या मावशींनी विचारलं, "कंच्या कंपनीत?"

"चिमण्यांच्या," मी चुकून खरं बोलले.

"नवी आहे का?"

"हो."

"चालंल. सुरुवातीला असंच असतं."

तिथून खराडी म्हणजे अख्खं पुणं आडवं पार करणं. दोन बस झाल्या. दुसऱ्या बसमध्ये उभ्याने डुलकी लागली आणि शेजारच्या आजींनी आपणहून माझी पिशवी मांडीवर घेतली, स्वेटर चाचपला आणि विचारलं, "महाबळेश्वरला निघालात?" शेवटी रिक्षा केली.

"आयटी पार्क?" रिक्षावाल्याने विचारलं.

"गावठाण. पिठाची गिरणी."

त्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं. "कुठून आलात?"

"कर्वेनगर."

"कर्वेनगरहून दळायला खराडीला?"

"हो," मी म्हणाले. सकाळपासून मी सगळ्यांना हो म्हणत होते. त्यात एकाची भर.

"तिकडं गिरण्या बंद पडल्या का?" त्याला खरंच काळजी वाटली होती.

काचेच्या इमारती संपल्या, गल्ली अरुंद झाली, आणि ज्वारीचा गरम वास आला. गिरणी छोटी होती. आत सगळं पांढरं: भिंत, गिरणीचा पट्टा, मीटरची लाकडी पाटी, आणि गिरणीवाल्या अक्का. त्यांच्या पापण्यांवरसुद्धा पीठ होतं. दारात पोत्यावर एक म्हाताऱ्या बाई बाजरीचा डबा घेऊन बसल्या होत्या.

"काय दळायचंय?" अक्का गिरणीच्या आवाजावर ओरडल्या.

"काही नाही."

"मंग?"

"चिमणी बघायची होती. पायात रंगीत कडी असलेली."

अक्कांनी गिरणी बंद केली. शांतता इतकी अचानक आली की माझ्या कानात शिट्टी वाजली.

"हितं तसली चिमनी न्हाई," त्या म्हणाल्या.

त्यांच्या डोक्यावर, मीटरच्या पाटीमागून, चिवचिवाट झाला.

"आगं, ती न्हाई का," पोत्यावरच्या म्हाताऱ्या बाई मदतीला आल्या, "जोडव्याची!"

अक्कांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी डब्याचं झाकण लावलं. पण आता उशीर झाला होता. मी विचारलं, "जोडव्याची म्हणजे?"

"म्हंजी काय म्हंजी," म्हाताऱ्या बाईंना राहवेना. "आली तवाच पायात जोडवी घालून आली. लगीन झाल्याली. आता आधीचं घर सोडून आली म्हंजी कायतरी झालंच आसंल. आमी कुनी इचारलं न्हाई. नांदती हाय ना, मंग नांदू दे."

तेव्हा मला उलगडलं. गेलं वर्षभर खराडी गावठाणात आमच्या चिमणीबद्दल असं समजलं जात होतं की ती पहिला नवरा टाकून पळून आलेली आहे.

"नाही, नाही," मी घाईने म्हणाले. "ती जोडवी नाहीत. ती आम्हीच घातली. आम्ही नरांनाही घालतो."

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"बाप्यांना (पुरुषांना) बी जोडवी घालता?" म्हाताऱ्या बाईंनी हळूच विचारलं. "कर्वेनगरात?"

अक्का मात्र पुढे आल्या आणि दार अडवून उभ्या राहिल्या. "हे बघ बाय. तू तिला न्यायला आलीस, व्हय ना? तुमी घातली म्हंजी तुमची. पर ती आता हितली सून हाय. पाटीमागं खोपा (घरटं) केलाय, चार पिल्लं हायेत. बाळंतीन बाईला कुनी उचलून न्हेत न्हाई. जा तू."

पिठाने भरलेल्या त्या बाई खरोखर घाबरल्या होत्या. एका चिमणीसाठी. आणि मी सकाळपासून ज्या 'हो'वर निभावत आले होते, तो इथे चालणार नव्हता. मी वाक्य मनात लावायला घेतलं, पण अक्कांचा हात गिरणीच्या बटणाकडे गेला होता. एकदा गिरणी सुरू झाली की संपलंच.

"मी तिला न्यायला नाही आले!" मी जवळजवळ ओरडले. "ती जिवंत आहे, एवढंच बघायचंय. आमच्याकडे सगळे म्हणतात ती मेली. मी एकटी म्हणते की नाही मेली. उद्या-परवा तसं लिहून जाईल. म्हणून आले."

अक्कांनी तोंडाला हात लावला. तोंडाभोवती पिठाचा पंजा उमटला.

"म्येली म्हनतात? जित्या पोरीला?"

"हो."

"कोन म्हनतं?"

"दाते काका."

"तिचे कोन लागतात ते?"

"चुलते," मी म्हणाले.

"बघा," अक्का म्हाताऱ्या बाईंना म्हणाल्या. "चुलत्याला काय पडलंय." मग माझा दंड धरून त्यांनी मला आत ओढलं. "ये. लांबूनच बघ. आन मोकळ्या हातानं आलीस का? माहेरची मानसं बाळंतविडा घिऊन येतात." (बाळंतविडा म्हणजे बाळंतिणीसाठी माहेराहून येतो तो खाऊ आणि कपडे.)

मी पिशवी उघडली. वर स्वेटर होता. अक्कांनी तो उचलून पाहिला आणि ठेवून दिला. "मोठा व्हईल," त्या म्हणाल्या. खाली राजगिऱ्याचे लाडू होते. "ह्ये चालंल."

चिमणी पाटीमागून बाहेर आली. मीटरवर एक नर छाती फुगवून बसला होता, गळ्याखालचा काळा डाग दाखवत. "ह्यो आमचा," अक्का म्हणाल्या. "ह्याच पाटीमागं जन्मला. त्याचा बाप बी हितलाच. कुटं जायाचं नाव न्हाई."

मी दुर्बीण लावली. डाव्या पायात निळं कडं. (पक्ष्याचा स्वतःचा डावा पाय धरायचा, बघणाऱ्याचा नव्हे. यात पहिल्या वर्षी आमच्या निम्म्या नोंदी चुकल्या होत्या.) पण डाव्या पायात निळं असलेल्या आमच्या बऱ्याच आहेत, आणि दुसरं कुणी चिमण्यांना तसलीच निळी कडी घालत असेल, तर ही त्यांचीही असू शकते. आमच्या हरवलेल्या माद्यांत डावीकडे निळं असलेली एकच होती, तिच्या उजव्या पायात पिवळं हवं. आणि बाईसाहेबांनी उजवा पाय पोटाच्या पिसांत ओढून घेतला होता. एका पायावर उभ्या. मी थांबले. त्याही थांबल्या. अक्कांनी तेवढ्यात बाजरी दळायला घेतली आणि मी हळूहळू पांढरी होत गेले. दुर्बिणीची भिंगं पुसायची, बघायचं, परत पुसायची. चिमणी खाली उतरून जळमटांतले किडे घेऊन आत जायची ती भुर्रकन; पाय दिसायच्या आत दिसेनाशी. बाहेर आली की परत एका पायावर.

शेवटी अक्का वैतागल्या. त्यांनी गिरणी थांबवली, लाडू दारातल्या पत्र्यावर फोडला आणि बाजूला झाल्या. चिमणी उतरली. एक तुकडा चोचीत धरला. राजगिऱ्याचा लाडू आमच्या आईने केलेला असला की तो सहजी तुटत नाही. पाकाची गोष्ट आहे. चिमणीने ओढलं, तुटेना. मग तिने दोन्ही पाय पत्र्यावर रोवले, शेपटी वर केली आणि सगळा जोर लावला.

उजव्या पायात पिवळं.

"तीच आहे!" मी ओरडले. चिमणी उडाली, म्हाताऱ्या बाई दचकल्या, बाजरी सांडली. पण त्याआधी फोटो निघाला होता, दोन्ही पाय स्पष्ट. पिल्लांचा फोटो अक्कांनी काढू दिला नाही. दृष्ट लागते म्हणाल्या.

त्यानंतर मला जेवल्याशिवाय सोडायचा प्रश्नच नव्हता. गिरणीच्या मागच्या खोलीत पिठलं, ज्वारीची भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा. ठेचा खाऊन माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि गालांवरच्या पिठाचं पीठच मळलं गेलं. "रडू नगं," म्हाताऱ्या बाई म्हणाल्या, "सुखात हाय पोरगी." मी त्यांना ठेच्याचं सांगितलं नाही. निघताना अक्कांनी माझा नंबर घेतला, मला कुंकू लावलं, आणि थालीपिठाच्या भाजणीची पिशवी हातात दिली. माहेरच्या माणसाला रिकामं पाठवत नाहीत.

परतीच्या बसमध्ये माझ्या शेजारी कुणी बसलं नाही. डोक्यापासून बुटांपर्यंत पांढरी, कपाळाला कुंकू, गळ्यात दुर्बीण. कंडक्टरने तिकीटही थोडं लांबूनच दिलं.

दाते काका पार्किंगमध्येच भेटले. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि फोन डोळ्यांजवळ नेऊन फोटो बराच वेळ पाहिला.

"हिला आम्ही मेलेल्यांत धरलं होतं," ते म्हणाले.

"हो."

"खराडीला काय पाहिलं हिने? इथे काय कमी होतं?"

पुस्तकांत कारणं आहेत: जवळच्या नात्यात जोडी जमू नये, मोक्याची जागा मुलगे आधीच धरून बसतात. पण हिने उडताना काय पाहिलं, ते त्यात नाही.

काकांनी फोन परत दिला. मग आवाज खाली आणून विचारलं, "बरी आहे ना पण?"

"बरी आहे. चार पिल्लं आहेत."

"नवरा?"

"तिथलाच."

"काही करतो का?"

"पिल्लांना भरवतो थोडंफार. बाकी मीटरवर बसतो."

"म्हणजे आमच्याइतपत," काका म्हणाले आणि स्कूटर पुसायला लागले.

मॅडमनी अहवाल थांबवला. एक मादी सापडली म्हणजे एकच मादी सापडली, बाकीच्या मेल्याही असतील, असं त्यांनी मला बजावलं, आणि ते बरोबरच आहे. लांब जाणं सोपं नसतं. वाटेत मांजरं, काचा, तारा, सगळं आहे. पण 'मेल्या असाव्यात'च्या जागी आता 'मेल्या की लांब गेल्या, हे सांगता येत नाही. किमान एक जिवंत आहे' असं आहे. एवढं एक वाक्य बदलायला मी अख्खं पुणं दोनदा ओलांडलं. आईला वाटतं, स्वेटर उपयोगी पडला.

हे सगळं मी इथेच संपवणार होते. पण पावसाळा सरता सरता अक्कांचा फोन आला. मागे गिरणी चालू होती, त्यामुळे त्या ओरडत होत्या आणि मलाही ओरडावं लागत होतं.

"पिल्लं मोठी झाली गं! दोन बापे हायेत, गळ्याखाली काळं आलं. ते हितंच, पाटीवर. पर दोगी पोरी दिसंनात. कवाच्या दिसंनात! आजोळी आल्या का बघ की!"

"अक्का, त्यांच्या पायात कडी नाहीत. मी ओळखणार कशा?"

"आईवानी दिसतात की!"

चिमणीची प्रत्येक मादी आईसारखीच दिसते. हे मी फोनवर ओरडून सांगणार होते, पण तोवर फोन कानाला लावून जिना उतरतही होते. पार्किंगमध्ये नेहमीचे नर आपापल्या जागी होते. आणि फाटकाच्या वर, केबलवर, दोन माद्या बसल्या होत्या. बिनकड्याच्या, मळकट तपकिरी, मी कधी न पाहिलेल्या.

"हायेत का?" अक्का ओरडल्या.

"दोन आहेत! पण त्याच असतील असं नाही, अक्का. कुणाच्याही असतील."

पलीकडे गिरणी बंद झाली. आता ओरडायची गरज नव्हती.

"आसू दे," अक्का म्हणाल्या. "दानं टाक त्यास्नी."